बोटाखालचा शब्द

शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर येतो, एवढं ऐकूनच मी ई-रीडर घेतला. निवृत्तीनंतर जर्मन शिकायला बसलेल्या बाईला याहून मोठा आधार कुठला वाटणार? पुण्यात जर्मन शिकण्याचं कुणाला नवल वाटत नाही. मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे इथल्या कित्येक घरांत कुणी ना कुणी चार वाक्यं बोलणारं सापडतं. बँकेतली नोकरी संपली आणि वर्षानुवर्षं मनात असलेलं मी एकदाचं सुरू केलं.

आमच्या वर्गात बहुतेक सगळी पोरं माझ्या मुलांपेक्षा लहान. त्यातली साताऱ्याकडची एक मुलगी, नर्सिंग पूर्ण केलेली, माझ्या शेजारी बसते. तिला जर्मनीत नोकरी मिळवायची आहे, त्यामुळे तिचा अभ्यास माझ्यासारखा हौसेचा नाही. मी ई-रीडर घेतल्याचं कळल्यावर तिने लगेच विचारलं, "काकू, त्यात मराठी अर्थ येतो?" मराठी नव्हता. जर्मन-इंग्रजी होता. तेवढ्यावर आम्ही दोघी कामाला लागलो.

काय वाचायचं, तर आमच्या बाईंनी ग्रिम बंधूंच्या गोष्टी सुचवल्या. 1812 आणि 1815 साली दोन भागांत आलेला हा संग्रह आता कुणाच्याही मालकीचा राहिलेला नाही, त्यामुळे फुकट मिळतो. गोष्टी छोट्या, वाक्यं पुन्हा पुन्हा येणारी, कथानक साधारण माहितीचं. माझ्या वर्गमैत्रिणीला तिच्या ओळखीतल्या कुणीतरी सगळ्या गोष्टींची एकत्र फाइल दिली होती. तीच मी ई-रीडरमध्ये घेतली आणि 'हिमगौरी' उघडली.

पहिल्याच पानावर मी चक्रावले. जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामाआधी 'दी' हे उपपद येतं. त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या 'डाय'सारखंच असतं. त्या उपपदावर बोट ठेवलं, तर अर्थ दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत आलं मरण्याचं क्रियापद. 'गिफ्ट' म्हणजे जर्मनमध्ये विष. राणी विषारी सफरचंद घेऊन येते तिथे मी बोट ठेवलं, तर खिडकीत भेटवस्तू. 'वार्ड', म्हणजे 'झाला', हा शब्द या गोष्टींत जागोजागी येतो. त्यावर खिडकीत आला रुग्णालयातला वॉर्ड, आणि ही साताऱ्याची पोर गंभीरपणे म्हणाली, "काकू, राजवाड्यात दवाखाना कसा?"

उत्तर दोन दिवस कुणालाच सापडेना. मग माझ्या भाच्याने ती फाइल संगणकावर उघडून पाहिली. प्रत्येक ई-पुस्तकाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, पुस्तकाची भाषा कोणती याची नोंद असते. ई-रीडर पानावरचा मजकूर ओळखून शब्दकोश निवडत नाही, ही नोंद वाचून निवडतो. फाइल बनवणाऱ्याने तिथे इंग्रजी लिहिलं होतं. त्यामुळे जर्मन गोष्टीतला प्रत्येक शब्द इंग्रजी कोशात शोधला जात होता आणि योगायोगाने तसं स्पेलिंग इंग्रजीत असेल, तर सापडतही होता. कोविद गोयल यांनी 2006 साली ज्याची सुरुवात केली, त्या 'कॅलिबर' नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ही नोंद बदलता येते. भाच्याने ती बदलली, फाइल पुन्हा चढवली आणि ई-रीडर जर्मन कोश उघडू लागला. हे कुणी आधी का सांगत नाही, हा प्रश्न मला अजून पडतो. कोश चांगला की वाईट हे ठरायच्या आधीच, चुकीचा कोश उघडल्यामुळे किती जण वाचन सोडून देत असतील!

आता जर्मन-इंग्रजी कोश चालू झाला. त्याचं चांगलं ते आधी सांगते. नेहमीच्या क्रियापदांची भूतकाळी रूपं तो बरोबर ओळखतो. 'गिंग' म्हणजे गेला, 'श्प्राख' म्हणजे बोलला. ही रूपं मूळ क्रियापदापेक्षा बरीच वेगळी दिसतात, तरी बोट ठेवताच मूळ क्रियापद उघडतं. छापील कोशात नवशिक्याला हे जमत नाही, कारण मूळ रूप कोणतं हेच त्याला ठाऊक नसतं. मला इतका हुरूप आला की 'फ्राऊ होले' ही गोष्ट बाईंच्या मदतीशिवाय वाचायची असं आम्ही दोघींनी ठरवलं.

गोष्ट अशी. एका विधवेच्या दोन मुली, एक कष्टाळू, पण सावत्र; दुसरी आळशी, पण पोटची. कष्टाळू मुलगी विहिरीपाशी बसून बोटांतून रक्त येईपर्यंत सूत कातते. रक्ताने माखलेली सुताची रीळ धुताना ती विहिरीत पडते, आणि ती परत आणायला मुलगी विहिरीत उडी घेते. खाली फ्राऊ होले नावाच्या म्हातारीचं घर असतं. तिची गादी रोज इतकी झटकायची की पिसं उडाली पाहिजेत. ती उडाली की वर जगात बर्फ पडतो. हेसन प्रांतात बर्फ पडू लागला की फ्राऊ होले अंथरूण घालते आहे असं म्हणतात, हेही ग्रिम बंधूंनीच टिपून ठेवलं आहे. मुलगी मन लावून काम करते आणि घरी जायला निघते तेव्हा मोठ्या दारातून बाहेर पडताना तिच्या अंगावर 'गोल्डरेगन' पडतो.

'गोल्ड' म्हणजे सोनं, 'रेगन' म्हणजे पाऊस, एवढं आम्हाला येत होतं. तरी खात्री करून घ्यावी म्हणून बोट ठेवलं. कोशाने एकच अर्थ दिला: लॅबर्नम. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बहावा फुलतो, पिवळे घोस लोंबतात. त्याला इंग्रजीत 'इंडियन लॅबर्नम' म्हणतात आणि 'गोल्डन शॉवर'ही म्हणतात, एवढं मला बागकामाच्या नादामुळे माहीत होतं. म्हणजे मुलीच्या अंगावर फुलं पडली का? मग शेवटी ती घरी येते तेव्हा कोंबडा तिला सोन्याची मुलगी का म्हणतो?

कोश खोटं बोलत नव्हता. पिवळ्या घोसांचं, लॅबर्नम जातीचं एक झाड युरोपातल्या बागांत असतं. ते आपल्या बहाव्याहून वेगळं, शिवाय विषारी. त्याला जर्मनमध्ये खरंच गोल्डरेगन म्हणतात. पण जर्मन भाषा शब्दाला शब्द जोडून हवा तेव्हा नवा शब्द घडवते. असे जोडशब्द सगळेच्या सगळे कोणत्याच कोशात मावणार नाहीत. त्यातला एखादा झाडाचं किंवा यंत्राचं नाव म्हणून रूढ झाला, तर तेवढाच कोशात जागा मिळवतो. गोष्टीत मात्र तो शब्द आपल्या मूळ, साध्या अर्थाने आलेला असतो. कोशाने झाडाखाली आणखी एक ओळ दिली असती, की हा शब्द सोनं आणि पाऊस यांचा बनला आहे, तर आमची संध्याकाळ वाचली असती.

पुढे आळशी मुलगी जाते. दुसऱ्या दिवसापासूनच ती कामचुकारपणा करू लागते, गादी झटकत नाही. परत निघताना तिला वाटतं, आपल्यालाही सोनं मिळणार. तिच्या अंगावर ओतली जाते 'पेख'ने भरलेली मोठी कढई. बोट ठेवलं. बॅड लक. दुर्दैवाने भरलेली कढई! मला तर हे पटलं. परीकथेत असं असू शकतं, असं मी म्हणाले. पण साताऱ्याची मुलगी थांबली नाही. तिने त्या छोट्या खिडकीत बोटाने वर सरकवलं, आणि खाली दुसरा अर्थ निघाला, पिच. तिला तो इंग्रजी शब्द या अर्थाने माहीत नव्हता, म्हणून तिने मोबाइलवरच्या इंग्रजी-मराठी कोशात पाहिलं. तिथे पहिला अर्थ होता खेळपट्टी.

इतक्या दिवसांत मी इतकी गोंधळले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंनी उलगडा केला. पेख म्हणजे लाकूड आणि राळ यांपासून काढतात ते काळं, चिकट द्रव्य. आपल्याकडच्या वाचकाला डांबर म्हटलं की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. पक्षी पकडायला फांद्यांना असलं चिकट लावत आणि त्यात अडकलेला पक्षी दुर्दैवी, म्हणून त्या शब्दाला पुढे दुर्दैवाचा अर्थ आला, असं सांगतात. आज रोजच्या बोलण्यात दुर्दैवाचाच अर्थ जास्त चालतो, म्हणून कोशाने तो वर ठेवला. कोशकाराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ई-रीडरच्या खिडकीत तीनचार ओळी दिसतात, आणि जे त्यात दिसत नाही ते वाचकाच्या लेखी नसतंच. छापील कोशात डोळा सगळ्या नोंदीवरून आपोआप फिरतो, शेजारच्या दोन शब्दांवरूनही जातो. इथे पहिला अर्थ हाच एकमेव अर्थ होऊन बसतो.

आणि मधली ती इंग्रजीची पायरी. जर्मनमधला एक अर्थ इंग्रजीतल्या अनेक अर्थी शब्दावर जाऊन बसतो, आणि त्या शब्दातून मराठीत उतरताना भलताच अर्थ हाती येतो. दोन्ही कोश आपापल्या जागी निर्दोष असले तरी असं होतं. साताऱ्याच्या मुलीचं शालेय शिक्षण मराठीतून झालं आहे, तिला प्रत्येक शब्दाला ही दोन पायऱ्यांची कसरत करावी लागते. मला इंग्रजीची सवय आहे, म्हणून मला हा त्रास निम्माच. पण नुकसान माझंही होतंच, ते पुढे सांगते.

त्याआधी, आळशी मुलगी कामचुकारपणा 'करू लागते' त्याबद्दल. जर्मन वाक्यात इथे 'फिंग' असा शब्द आहे, आणि दोन-तीन शब्द सोडून 'आन' असा एक चिमुकला शब्द. दोन्ही मिळून 'आनफांगेन', म्हणजे सुरू करणे. जर्मनमध्ये अशी असंख्य क्रियापदं आहेत. त्यांचं डोकं सुटतं आणि वाक्यात लांब, पुष्कळदा अगदी शेवटी, जाऊन पडतं. 'फिंग'वर बोट ठेवलं की कोश 'फांगेन' उघडतो आणि अर्थ देतो पकडणे. 'आन'वर बोट ठेवलं तर अव्ययाचे दहा अर्थ. दोन्हीकडे पाहूनही 'सुरू केलं' हे कुठेच नाही. मला हे समजायला मराठीनेच मदत केली. 'ती रडू लागली' या वाक्यात कुणी परदेशी माणसाने 'लागली'वर बोट ठेवलं, तर त्याला काय मिळेल? भूक लागली, ठेच लागली, आग लागली, घरं लागली. 'विसरून बसलो' यातला 'बसलो' तर त्याला खुर्चीवर नेऊन बसवेल. अर्थ दोन शब्दांच्या मध्ये असतो, आणि यंत्र एकाच शब्दाला हात लावतं.

जर्मन लेखनात एक चांगली सोय आहे. प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, वाक्यात कुठेही असो. म्हणजे एकसारखी दिसणारी दोन रूपं निदान यावरून वेगळी काढता यावीत. 'हूब' हे जुन्या क्रियापदाचं रूप ग्रिमच्या गोष्टींत येतं, 'आन'शी जोडून बोलायला सुरुवात केली अशा अर्थाने. ते लहान अक्षराने असतं. मोठ्या अक्षराचं 'हूब' म्हणजे इंजिनातल्या दट्ट्याची धाव. कोशाने म्हातारीच्या तोंडी दट्ट्या दिला, कारण शोधताना लहान-मोठं अक्षर तो पाहतच नाही. 'गेफालेन'चंही तेच. आवडणे हे क्रियापद, पडणे या क्रियापदाचं 'पडलेलं' हे रूप, आणि मोठ्या अक्षराने उपकार हे नाम. तिन्ही एका सापळ्यात. वर पहिला येतो आवडणे.

आता माझं नुकसान. 'गेफालेन'ला इंग्रजी कोश म्हणतो, टू प्लीज. मग इंग्रजीत विचार करणाऱ्याला वाक्य उलटं करून घ्यावं लागतं, कोण कुणाला खूश करतो ते. जर्मन माणूस म्हणतो तेच मराठी माणूस म्हणतो: मला ते आवडतं. इथे 'मी' येत नाही, 'मला' येतं. जर्मनमध्येही तसंच. 'मला थंडी वाजते' हेही जर्मन 'मला'नेच सांगतो. तीन लिंगं त्यांना आहेत, आपल्याला आहेत. तू आणि तुम्ही यांतला फरक त्यांना आहे, आपल्याला आहे. हे सगळं आपल्याकडे तयार असताना मी ते इंग्रजीतून काढून पुन्हा जोडत बसते. जर्मनमधून थेट मराठीत येणारा कोश या यंत्रात असता तर मला किती कमी अंतर चालावं लागलं असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या गोष्टी सांगणारे याकोब आणि विल्हेल्म ग्रिम स्वतः कोशकार होते, हे मला बाईंकडून कळलं. जर्मन भाषेच्या मोठ्या कोशाचं काम त्यांनी 1838 मध्ये हाती घेतलं, पहिला खंड 1854 मध्ये आला. विल्हेल्म 1859 मध्ये गेले, याकोब 1863 मध्ये, आणि तोवर काम एफ अक्षरापर्यंत पोचलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते 1961 मध्ये पुरं केलं, बत्तीस खंडांत. तो आज इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. 'वार्ड' आणि 'हूब' सारख्या ज्या जुन्या रूपांवर माझ्या ई-रीडरची फसगत होते, ती या कोशात आहेत. ज्यांनी गोष्टी गोळा केल्या त्यांनीच शब्दही गोळा केले, आणि वाचताना बोट मात्र आजच्या व्यवहाराच्या छोट्या कोशावर पडतं.

मराठी पुस्तकही उघडून पाहावं असं वाटलं, म्हणून तेही केलं. 'विहिरीवरून'वर बोट ठेवलं, काही नाही. मराठी कोशच नव्हता, पण असता तरी काय झालं असतं, हा विचार मला सोडेना. कोशात 'विहीर' असते. पानावर विहिरी, विहिरीत, विहिरीवरून, विहिरींना. आपण सामान्यरूप करतो आणि प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं त्याला चिकटवून लिहितो. त्यामुळे जर्मनपेक्षा आपली रूपं जास्त. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, सुधारलेली आवृत्ती 1857 ची. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर खुला ठेवला आहे. इतकी मोठी दौलत हाताशी आहे. पण ही सगळी रूपं मूळ शब्दाकडे बोट दाखवतील अशी यादी जोवर कुणी करत नाही, तोवर ती बोटाखाली येणार नाही.

जर्मन-मराठी कोश आम्हा दोघींनाच हवा आहे असं नाही. महाराष्ट्र शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. नर्स, चालक, वीजतंत्री होऊ पाहणारी मुलं जिल्ह्याजिल्ह्यात जर्मन शिकणार. त्यांच्यातल्या बहुतेकांची शाळा मराठी. अशा मुलांच्या हातात जर्मन-मराठी कोश देणं ही चैन नाही, गरज आहे.

आमच्यापुरता आम्ही एक मार्ग काढला. 'कोरीडर' नावाचा मोफत वाचन-प्रोग्रॅम भाच्याने माझ्या ई-रीडरवर बसवला. तो 'स्टारडिक्ट' नावाच्या पद्धतीचे कोश स्वीकारतो. त्यात एका फाइलमध्ये शब्दांची अनुक्रमणी असते, दुसरीत अर्थ आणि हवी असल्यास तिसरीत बदललेली रूपं, कोणत्या मूळ शब्दाकडे जायचं त्या खुणेसह. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीला एक नोंद लिहायची, 'पायग्लॉसरी' हा प्रोग्रॅम तिचा कोश करून देतो. जर्मन शब्द आम्ही रोमन लिपीत टंकतो, अर्थ मराठीत.

लिहायला बसलो तेव्हा कळलं की छापील कोशासारखी नोंद इथे चालत नाही. वाचकाला खिडकीत तीनचार ओळीच दिसणार, आणि तिथे त्याने पुढे कुठे पाहायचं हे सांगितलं पाहिजे. म्हणून 'फिंग'ची नोंद आम्ही अशी केली: आधी वाक्याच्या शेवटाकडे पाहा, तिथे 'आन' असेल तर सुरू केलं, करू लागला, नसेल तर पकडलं. 'गेफालेन'ची: जवळ 'मिर' म्हणजे मला, किंवा 'इम' म्हणजे त्याला असेल तर आवडणे, 'इस्ट' असेल तर पडलं आहे, पहिलं अक्षर मोठं असेल तर उपकार. मात्र 'इस्ट' आणि 'मिर' दोन्ही असतील, तर माझ्या हातून पडलं असाही अर्थ निघतो, हे बाईंनी सांगितल्यावर तेही जोडलं. 'पेख'खाली डांबर वर आणि दुर्दैव खाली, कारण आम्ही गोष्टी वाचतो आहोत. 'गोल्डरेगन'खाली सोन्याचा पाऊस, मग एक पिवळ्या फुलांचं विषारी झाड, बहाव्यासारखं दिसणारं पण बहावा नव्हे.

बाई आठवड्याला आमच्या नोंदी तपासून देतात. वर्गातल्या आणखी दोघांनी ती फाइल आपल्या ई-रीडरमध्ये घेतली आहे, आणि त्यातल्या एकाने 'वार्ड'ची नोंद राहिल्याचं दाखवून दिलं. ती आता घातली आहे. साताऱ्याच्या मुलीचं म्हणणं, "काकू, परीकथा नंतर. आधी जखम, सूज, सलाइन, रक्तदाब हे घेऊ, माझी परीक्षा जवळ आली." त्याप्रमाणे सध्या आम्ही रुग्णालयाचे शब्द घेतो आहोत, आणि वेदनेच्या क्रियापदापाशी अडकलो आहोत, कारण 'मला दुखतं' असं जर्मन माणूसही म्हणतो आणि त्या क्रियापदाचं डोकं वाक्याच्या कोणत्या टोकाला जातं ते बाईंना विचारायचं राहिलं आहे.